फ्यूज सासऱ्यांच्या खिशात

धाकट्या मेहुणीचं मोडलेलं लग्न त्याच मुलाशी पुन्हा जमलं, त्या वर्षाची ही गोष्ट. त्या वर्षी थोरल्या जावयाची नोकरी गेली होती. आठ महिने घरी बसून तो दाढीसुद्धा रविवारच्या रविवारी करू लागला होता. अशात एका भल्यामोठ्या कंपनीने वरिष्ठ सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या जागेसाठी विचारलं. चार मुलाखती पार पडल्या. पाचवी, शेवटची, मंगळवारी अकराला, घरातूनच लॅपटॉपवर.

सकाळीच जावयाने फर्मान काढलं. "तासभर कोणी तोंड उघडायचं नाही. दार वाजवायचं नाही. आग लागली तरी मला सांगायचं नाही." पंखा घरघरतो म्हणून तोही त्याने बंद केला.

"आणि बेल वाजली तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते तेवढं तुम्ही बघा, बाबा."

इथेच माशी शिंकली. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. त्यांना 'बघा' म्हटलं की ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच बघत. आणि बेलची तार सोडवायची असली तरी नियम एकच. आधी मेनचा फ्यूज काढायचा आणि आपल्याच खिशात ठेवायचा, म्हणजे मध्येच कोणी शहाणा येऊन लावत नाही.

अकरा वीसला पडद्यावरच्या बाई उघड्या तोंडाने थिजल्या.

लॅपटॉप बॅटरीवर चालू, पंखा आधीच बंद, खिडकीतून लख्ख ऊन. वीज गेली हे जावयाला कळणार कसं? त्याने सेटिंग उलटीपालटी केली, लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला, नेटवाल्यांना फोन लावून कुजबुजत भांडला. बायको दार किलकिलं करून हातवारे करू लागली, तर त्याने डोळे वटारले. तिने कागदावर लिहून आणलं. न वाचताच त्याने कोपरापासून हात जोडले. बाहेर सासरे बेलच्या गंजक्या स्क्रूशी झटत होते, तेही फर्मानाप्रमाणे मुकाट्याने.

शेवटी मोबाइलच्या नेटवर बाई परत दिसू लागल्या.

"समजा, चालती यंत्रणा अचानक बंद पडली," त्या म्हणाल्या. "पहिलं काय कराल?"

जावई फुलला. नोंदी कशा तपासायच्या, सर्व्हर कसे चाचपायचे, सगळं सांगत सुटला. तेवढ्यात काम संपल्याचं सांगायला सासरे आत आले आणि त्यांना राहवेना.

"अहो जावईबापू, कशाला एवढा खटाटोप? शेवटचा हात कोणी लावला, ते आधी विचारायचं! लिफ्ट अडकली की आम्ही पहिलं तेच करायचो."

जावयाची आठ महिन्यांची आशा डोळ्यांदेखत बुडत होती.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"सासरे. माफ करा..."

"बरोबर बोलले ते. मघाशी तुमचं नेट गेलं, तेव्हा तुम्ही कोणाला विचारलंत?"

दारातून बायकोची कोंडलेली वाफ एकदम बाहेर आली. "मी चिठ्ठी लिहून आणली, वीज गेली म्हणून! तर ह्यांनी मला हात जोडले, बाई!"

सगळे सासऱ्यांकडे बघू लागले. त्यांनी सावकाश खिशात हात घातला आणि फ्यूज कॅमेऱ्यासमोर धरला. "हात माझाच," ते म्हणाले.

चार दिवसांनी बाईंचं पत्र आलं. 'काम उत्तम येतं. दुसऱ्याचं ऐकून घेण्याची सवय लावावी लागेल. पण ती लावणारी दोन माणसं घरात आहेत, म्हणून घेत आहोत.'

"आम्हा दोघांना मिळून एक नोकरी लागली," सासरे भेटेल त्याला सांगत.

बेल जोडायची मात्र राहिली. पाहुणे अजून दार ठोकतात. जावई तिला हात लावत नाही, कोणाला लावूही देत नाही. शेवटचा हात सासऱ्यांचा आहे. सासरे दुसऱ्या वर्षी, मेहुणीची मुलगी दोन महिन्यांची असताना, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सकाळी वारले.