श्वासतक्ता

दर शनिवारी दुपारी चार वाजता अकरा माणसे छत्रीदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत जमत आणि एक ओळ म्हणत. ओळ बावन्न सेकंदांची होती. ती संपली की चहा होई, आणि चहाबरोबर ‘जगाला कान नाहीत’ या विषयावर अर्धा तास चर्चा होई. कार्यक्रमपत्रिकेत एवढी दोनच कलमे होती आणि सात वर्षांत त्यांतले एकही रद्द झाले नव्हते.

ज्या गायिकेची ही ओळ, ती माणूस नव्हती. संगणकात सूर आणि शब्द भरले की गाऊन दाखवणारे चार आवाज एका कंपनीने विक्रीला काढले होते. पहिले तीन खपले. चौथा कुणालाच आवडला नाही, म्हणून या अकरा जणांना फार आवडला. ते तिला चौथी म्हणत. चौथीला फुफ्फुसे नसल्यामुळे श्वास घ्यावा लागत नसे, आणि तिच्यासाठी गाणी रचणारा शिंपी ओळ कुठे कापायची ते हमखास विसरे. कापडाच्या बाबतीत त्याच्याकडून असे कधी होत नसे.

तिच्याबरोबर गाताना चौदाव्या सेकंदाला सगळ्यांचा दम संपे. यावर उपाय काढला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी. त्यांनी एक तक्ता केला. प्रत्येकाला तीन श्वास, प्रत्येक श्वासाचा सेकंद ठरलेला, आणि शेजारच्या दोघांनी एकाच वेळी थांबायचे नाही. माणसे थांबत, ओळ थांबत नसे.

अपवाद मीटरवाले काका. तीस वर्षे लोकांचे जिने चढून विजेची मीटरे वाचल्यावर त्यांच्या छातीत अकरा सेकंदांपुरतीच हवा उरली होती. त्यांना चौथा श्वास मंजूर होता, चाळिसाव्या सेकंदाला. त्यांच्या शेजारी तक्ता करणाऱ्या बाईच बसत; त्यांनी आपला शेवटचा श्वास एकोणचाळिसाव्याला ठेवला होता. काका थांबले की भरल्या छातीने त्या आवाज किंचित चढवीत, आणि काका थांबलेत हे कुणाला कळत नसे. काकांनी याबद्दल कधी आभार मानले नाहीत. चहाचा पहिला कप मात्र ते न चुकता बाईंपुढे सरकवीत.

तक्त्याची एक प्रत बाईंच्या घरी, म्हणजे त्यांच्या भावाच्या घरी, फ्रिजला लावलेली होती. वहिनी एका कॉलेजच्या प्रवेश विभागात मुख्य लिपिक होती. दूध काढताना ती रोज तक्त्याकडे पाही आणि रोज काहीतरी बोले.

“वन्सं, जिला घसाच नाही तिचं कसलं हो गाणं? गाणारी माणसं संपली का?”

मग एका गादीच्या जाहिरातीत चौथी अकरा सेकंद गायली.

महिन्याभरात ती केशकर्तनालयात, बँकेच्या फोनवर आणि लिफ्टमध्ये ऐकू येऊ लागली. पहिल्या शनिवारी खोलीत आनंद झाला. दुसऱ्या शनिवारी शिंपी म्हणाला की आपल्या घरातल्या बाईला परक्या माणसांनी एकेरीत हाक मारावी तसे त्याला वाटले. वास्तविक चौथीची पत्रके विजेच्या खांबांवर चिकटवत तोच हिंडला होता. दंतवैद्याकडे काम करणारी सभासद म्हणाली की हल्ली रुग्ण चौथीचे गाणे लागल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि असले दात असणाऱ्यांना ती आवडावी हे काही बरे लक्षण नाही. चर्चेचा विषय बदलणे भाग होते. ‘जगाला कान आहेत, पण चुकीच्या लोकांना आहेत’ असा नवा विषय एकमताने ठरला.

एके सकाळी दूध काढता काढता वहिनी ती ओळ गुणगुणली. सात वर्षांत पहिल्यांदाच वहिनी बाईंना आपली वाटली. हा आनंद चहा गाळून होईपर्यंत टिकला.

“एवढा सोन्यासारखा तक्ता अकरा माणसांत कुजवलात, वन्सं,” वहिनी म्हणाली आणि तिने तो फ्रिजवरून काढला.

पंधरा दिवसांत चौथी रसिक महासंघ स्थापन झाला. वहिनी सरचिटणीस झाली. खोलीतल्या अकरांना नव्याने अर्ज भरावे लागले. ‘चौथी आपणांस केव्हापासून आवडते?’ या रकान्यात बाईंनी सात वर्षे लिहिले; अर्ज गादीच्या जाहिरातीपूर्वीचा पुरावा जोडण्यासाठी परत आला. एकूण सभासद चारशे बारा झाले. वहिनीने प्रवेश विभागाच्या पद्धतीने सर्वांना श्वासवाटप केले. बाईंनी हिशेब करून कळवले की असे केल्याने एका श्वासाच्या वाट्याला सेकंदाचा चोविसावा भाग येतो, आणि माणसाला श्वास घ्यायला निदान अर्धा सेकंद लागतो. लेखी उत्तर आले: ‘वाटप नियमानुसार झाले आहे. श्वासास लागणारा वेळ ही सभासदाची वैयक्तिक बाब आहे.’

पहिल्या मेळाव्यात तिघे बेशुद्ध पडले. त्यांना शिस्तीबद्दल प्रशस्तिपत्रे देण्यात आली. पुढच्या मेळाव्यात नऊ जण पडले. त्यांतले दोघे उताणे पडताना इतरांकडे पाहत होते असे श्वासनिरीक्षकाने नोंदवल्यामुळे सातच प्रशस्तिपत्रे निघाली.

काकांचा चौथा श्वास छाननीत अडकला. त्यांनी डॉक्टरांचा दाखला जोडला. फुफ्फुसे अशक्त असल्याचे त्यात म्हटले होते. तक्ता लागू झाला त्या दिवशी ती अशक्त होती, असे म्हटले नव्हते. बाई घरातच वहिनीशी बोलल्या.

“वन्सं, आज काकांना दिला तर उद्या सगळे मागतील. एका माणसाला तीन. चौथा प्रतीक्षायादीवर घालते, तुमच्याकडे बघून.”

काकांचा क्रमांक दोनशे एकोणीस लागला. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

“दोनशे अठरा जणांनी श्वास सोडला की माझी पाळी, ताई,” ते म्हणाले. “बसतो थांबून. घाई कुठाय.”

दरम्यान चौथीबरोबर गाता येत नाही, अशा तक्रारी कंपनीकडे गेल्या. कंपनी तत्पर होती. तिने जुनी आवृत्ती सदोष ठरवून मागे घेतली आणि नव्या आवृत्तीत चौथीला दर आठ सेकंदांनी श्वास बसवला. आता तिच्याबरोबर कुणीही गाऊ शकत होते. महासंघाने तक्ता रद्द केला, आणि सर्वांनी चौथीच्याच श्वासाला श्वास घ्यावा असे परिपत्रक काढले.

“बघा वन्सं, चाळिसाव्याला तीपण घेते. तुमच्या काकांचं काम आपोआप झालं,” वहिनी म्हणाली. तिला मनापासून बरे वाटत होते.

मोठ्या सभागृहात मेळावा भरला. बाई आणि काका शेजारी बसले. आठव्या सेकंदाला चौथी थांबली, सभागृह थांबले, आणि दोनच आवाज उरले. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. सोळाव्याला, चोविसाव्याला आणि बत्तिसाव्याला तेच झाले. एकोणचाळिसाव्याला बाईंनी श्वास भरून घेतला. चाळिसाव्याला चौथी थांबली, चारशे दहा माणसे थांबली आणि काकाही थांबले. बाईंनी सवयीने आवाज किंचित चढवला.

एक सेकंदभर त्या सभागृहात ती ओळ एकट्या बाईंच्या गळ्यावर उभी होती.

गाणे संपल्यावर पुढची बाई वळली आणि समजुतीने म्हणाली, “नवीन आहात का? इथे थांबायचं असतं.”

तिसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. आरोप ‘अनधिकृत सातत्य’ असा होता. सरचिटणीसांनी ती स्वतः, फ्रिजला, तक्त्याच्या जागी लावली.

आता शनिवारी चार वाजता छत्रीच्या दुकानावर पुन्हा अकरा माणसे जमतात. शिंप्याच्या संगणकात सदोष चौथी तेवढी शिल्लक आहे. काकांना चाळिसाव्याला चौथा श्वास आहे. गेल्या शनिवारी, जगाला कान नाहीत हे पुन्हा एकमताने मंजूर झाले, आणि कित्येक महिन्यांनी सगळ्यांना चहा गोड लागला.

खोलीचा पत्ता इथे मुद्दाम दिलेला नाही. तुम्ही सज्जन आहात, गाण्याची जाण आहे, गर्दी करणाऱ्यांतले तुम्ही नव्हेत, हे सगळे मान्य. पण मघाशी वाचता वाचता तुम्ही श्वास धरून पाहिलात, आणि कितव्या सेकंदाला सोडला ते घरात कुणाला तरी सांगायचे तुमच्या मनात आहे. बाकीचे चारशे एक असेच आले होते.