लक्ष्मणरावांची वांगी

"साक्षगंधाच्या जेवणाले बाजारातलं एक पान येणार नाही! वांगे माझे, दोडके माझे, भोपळा माझा! युरियाचा एक दाणा टाकीन तर नावाचा लक्ष्मणराव नाही! अन् नाही उगवलं, तर माझी पोरगी नेऊ नका!"

आंधळगावचे विणकर लक्ष्मणराव हे बोलले तेव्हा अठ्ठ्याहत्तर सालचा चैत्र चालू होता आणि समोर होणारे व्याही, आसगावचे पुंडलिकराव, चहा पीत बसले होते. लक्ष्मणरावांची लेक विजयमाला पुंडलिकरावांच्या मुलाला द्यायची, हे जवळपास ठरलंच होतं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दसऱ्यानंतर करायचं, एवढं सरळ! पण पुंडलिकरावांच्या आजोबांनी हातमाग मोडून शेती धरली होती आणि तेव्हापासून त्या घराला मातीचा भारी अभिमान. ते चेष्टेनं एवढंच म्हणाले होते, "इवाई, तुमच्या घरामागं एवढी मोठी सांदवाडी पडून हाये. पण मागावर बसणाऱ्याच्या हातून कन्हारीत गवत तरी उगवन का?"

झालं! लक्ष्मणराव पेटले. दाराआड त्यांच्या बायकोच्या, कौशल्याबाईंच्या, हातातली बशी पडली.

"पोटच्या पोरीची पैज लावली का वो?" पाहुणे गेल्यावर त्या कडाडल्या. "वांग्यापायी सोयरीक मोडाची हाये का?"

"काहून मोडन? तू फक्त मसाला वाटून ठेव!"

घरामागची ती जमीन म्हणजे अस्सल कन्हार! काळी, चिकट, हट्टी. उन्हाळ्यात अशा भेगा पडत की मागाचा धोटा आत गेला तर पुढच्या वर्षीच सापडावा. पावसाळ्यात तीच माती पायातली चप्पल ओढून घेई आणि परत देत नसे. अशा मातीत शेणखत, पालापाचोळा कालवावा, वाफे उंच करावेत, पाण्याला वाट द्यावी, हे गावात कोणीही सांगितलं असतं. पण लक्ष्मणरावांनी विचारलं कोणाला? जन्मभर त्यांनी आजूबाजूला एकच पीक पाहिलेलं, धान! शेती म्हणजे बांध घालायचा, पाणी अडवायचं, चिखल करायचा आणि रोप खोचायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

वैशाखात तलाव आटला. लोक आपल्या धानाच्या बांध्यांत टाकायला गाळ नेऊ लागले. लक्ष्मणरावांनीही बैलबंडी लावली आणि गाळाचे ढीगच्या ढीग सांदवाडीत आणून ओतले. वर बकऱ्यांच्या लेंड्या, चुलीची राख. चिकट मातीवर आणखी चिकट माती! मग चारी बाजूंनी कंबरभर बांध घातला, पाऊस पडल्यावर चिखल केला आणि गुडघाभर चिखलात उभं राहून, धानासारखीच, वांग्याची रोवणी केली.

"अवो, वांग्याची कोणी रोवणी करते का?" कौशल्याबाईंनी कपाळावर हात मारला.

"धान जगते, तं वांग्याले काय धाड भरली?"

वांग्याला धाड भरलीच. आषाढात पाणी तुंबलं, श्रावणात ते हललंसुद्धा नाही. कन्हार एकदा पाणी धरून बसली की बसली! वांगी कुजली, भेंडी बुडाली, दोडक्याचं बी कुठे गेलं ते दोडक्यालाच ठाऊक. बांध फोडा म्हटलं तर लक्ष्मणराव ऐकेनात. एवढा मेहनतीचा गाळ वाहून जाईल ना! बेडूक मात्र इतके माजले की विजयमालेला मागाचा खटखटाटसुद्धा ऐकू येईना. ती बिचारी बापाला काही बोलत नसे, पण तिचा चेहरा उतरला होता आणि लक्ष्मणरावांना तो पाहवत नव्हता. भलतंच बोलून बसलो, असं मनात शंभरदा येई. तोंडातून मात्र शब्द निघत नसे.

भादव्यात पाण्यावर मोठी मोठी गोल पानं दिसली आणि लक्ष्मणराव उड्या मारतच घरात आले.

"भोपळा! भोपळा लागला!"

"भोपळा पाण्यावर तरंगते का कधी?"

"लेंडीखताचा हाये, तरंगन!"

दसरा झाला. साक्षगंध दोन दिवसांवर आलं. सकाळी लक्ष्मणराव तोंड धुवायला मागे गेले आणि तांब्या हातातच राहिला. काळ्या पाण्यावर, त्या हट्टी चिखलातून, कमळं उमलली होती! गुलाबी, ताटाएवढी, एकही पाकळी मळलेली नाही. तलावाच्या गाळाबरोबर आलेल्या कमळाच्या कंदांना इथे दुसरा तलाव मिळाला होता. लक्ष्मणराव पाहतच राहिले. वांगी, पैज, इवाई, सगळं क्षणभर विसरले. त्यांचे डोळे भरून आले आणि हात आपोआप जोडले गेले.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या जनाबाई किंचाळल्या, "माय वो! लक्ष्मणरावाच्या घरी लक्ष्मी आली!"

मग काय विचारता! दुपारपर्यंत अर्धं गाव सांदवाडीत. हळद, कुंकू, उदबत्त्या! वेलाचं पहिलं फळ देवाला द्यायची रीतच; त्यामुळे जनाबाईंनी दोडके आणून बांधावर ठेवले. ते पाहून कोणी वांगी आणली, कोणी भोपळा, कोणी चवळीच्या शेंगा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांधावर भाजीचा एवढा ढीग पडला की मागचं कमळ दिसेना!

लक्ष्मणराव त्या ढिगाकडे पाहत होते. कौशल्याबाई लक्ष्मणरावांकडे पाहत होत्या.

"बाजारातलं हाये का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तं मंग पाहून काय राहिले? टोपलं आना!"

जनाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "देवाचा परसाद लेकीच्या कामी आला, तं आनखी काय पायजे?"

साक्षगंधाला पंगत बसली. पुंडलिकरावांनी वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली. "इवाई, मानलं बाप्पा तुमाले! अशी चव तं आमच्या आसगावात नाही. चाला, बाग दाखवा!"

लक्ष्मणरावांच्या पाचावर धारण बसली. पण पुंडलिकराव तर हात धुऊन निघालेसुद्धा! मागे सगळे पाहुणे, त्यांच्या मागे विजयमाला.

बांधावर येताच पुंडलिकराव थबकले. टोपी काढली. बराच वेळ त्या कमळांकडे बघत राहिले.

शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "इवाई, सोन्यासारखं हाये. पण वांगे कोनत्या झाडाले लागले?"

लक्ष्मणरावांनी कमळाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात कुंपणावरून जनाबाई डोकावल्या. "काय वो पाव्हने, आमच्या वेलाचे दोडके गोड लागले का?"

बेडूकसुद्धा गप्प! विजयमालेनं डोळे मिटून घेतले. पुंडलिकरावांनी जनाबाईंकडे पाहिलं, मग बांधाकडे, मग गुडघाभर पाण्यातून डोकावणाऱ्या वांग्याच्या काळ्या काड्यांकडे. त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. रागानं की हसू दाबल्यानं, ते लक्ष्मणरावांना कळेना.

"सोयरीक पक्की!" पुंडलिकराव म्हणाले. "लक्ष्मीच्या घरची पोरगी कोन सोडते? पन इवाई, माझी एकच अट हाये."

"सांगा, बाप्पा, सांगा! तुमी म्हनान ते कबूल!"

"लग्न झाल्यावर लेकीले भेटाले खुशाल या, महिना महिना राहा. फक्त माझ्या वावरात पाय ठेवू नका!"