सालाबादप्रमाणे नकार

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या हॉलोब्रुक गावात नकार देण्याची सोय वर्षातून एकदा, मार्चमधल्या ग्रामसभेत, सकाळच्या कॉफीनंतर केलेली आहे. स्वातंत्र्याआधी इंग्लंडच्या राजाचा माणूस कर मागायला आला तेव्हा जेडेडाया स्टोन नावाचा शेतकरी भर सभेत एकटा उठून "नाही!" म्हणाला होता. त्या एका शब्दावर गाव अजून मिरवतं. दर वर्षी कुणीतरी तिकोनी टोपी घालून उठतं, "नाही!" म्हणतं, टाळ्या पडतात आणि मग उरलेले ठराव मुकाट्याने मंजूर होतात.

गेली बरीच वर्षं ती टोपी नळ दुरुस्त करणाऱ्या एल्डन प्रॅटच्या डोक्यावर होती. एरवी माणूस इतका मवाळ, की दुसऱ्याचा पाय स्वतःच्या पायावर पडला तरी माफी हाच मागायचा.

यंदा देशाच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होत होती. त्यानिमित्त स्वातंत्र्यस्मारकासाठी राष्ट्रीय ऐक्य निधी मिळणार होता. अट एकच: ठराव एकमताने व्हावा. ऐक्यात एक माणूसही कमी चालणार नव्हता. स्मारकाला त्या काळचे अस्सल दगड हवे होते आणि तसे दगड गावात फक्त ओढ्यावरच्या पुलात उरले होते. म्हणून पूल पाडायचं ठरलं. स्वातंत्र्याचा वारसा लोकांनी रोज पायाखाली तुडवावा, हे स्मारक समितीला बघवत नव्हतं.

पुलापलीकडे एल्डनची म्हातारी आई एकटी राहायची.

"मग माझं सूप कुठून आणणार तू? अख्ख्या डोंगराला वळसा घालून?" तिने विचारलं.

"आई, मी सभेत विरोध करणार आहे."

"तू? अरे, लग्नात 'हो' म्हणालास तेही पाद्रीबाबांनी दोनदा विचारलं तेव्हा ऐकू आलं!"

सभेच्या दिवशी एल्डनने टोपी घालून नेहमीचा नकार दिला. मग अध्यक्षीणबाई विनिफ्रेड कोल यांनी ठराव वाचला. "कुणाची हरकत?"

एल्डन पुन्हा उठला. "नाही! पूल पाडायचा नाही!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. "वन्स मोअर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अहो, हे नाटक नाही! माझी आई पलीकडे अडकेल. उद्या तिला दम लागला तर रुग्णवाहिका येणार कुठून?"

"यंदा आईसुद्धा घातलीय," एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली. "काळजाला हात घालतो मेला."

"एल्डन," विनिफ्रेडबाई मायेने म्हणाल्या, "नकार सांस्कृतिक कार्यक्रमात मोडतो. तो झाला. आता कामकाज सुरू आहे."

एल्डनचं डोकं फिरलं. "जेडेडाया स्टोनने परवानगी घेतली होती का?"

"म्हणून तर त्याचं स्मारक करतोय ना आपण!" विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "त्यात तुम्ही आडवे कशाला येता?"

ठरावाच्या बाजूने हात वर झाले. इतिवृत्तात नोंद झाली: नकार उत्कृष्ट. ठराव एकमताने मंजूर.

जेवणाच्या रांगेत अर्ल बीबीने एल्डनच्या पाठीवर थाप मारली. अर्लचं घरही पुलापलीकडेच. "शाब्बास रे! अगदी माझ्या मनातलं बोललास."

"मग हात का वर केलास?"

"सगळ्यांचेच वर होते. आपला एकट्याचाच खाली, बरं दिसतं का ते?"

मे महिन्यात पूल पाडला. आई पलीकडच्या काठावर खुर्ची टाकून बसली होती आणि कामगारांना मनसोक्त शिव्या देत होती. ऐकणाऱ्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असावा.

अर्लला हसू नका. तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत सेक्रेटरींनी "कुणाची हरकत?" असं विचारलं, तेव्हा तळमजल्यावरच्या बाई एकट्या उठल्या होत्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे तुम्हाला पटलंही होतं. नंतर जिन्यात गाठून तुम्ही त्यांना तसं सांगितलंत. हळू आवाजात, वरून कुणी येत नाही ना ते बघून.