निर्मनुष्य धबधब्याचे साक्षीदार

प्रवासाचा मुख्य हेतू परत येणं हा असतो. परत आल्याशिवाय प्रवास दुसऱ्याला दाखवता येत नाही, आणि दुसऱ्याला दाखवेपर्यंत तो झाला असं खात्रीनं म्हणता येत नाही. हे सत्य जगात इतरत्र लोकांना नुसतं जाणवतं. दुबईच्या करामा भागात मात्र त्याची लेखी नियमावली होती आणि एक सचिवही होते.

‘करामा शुक्रवार प्रवासदर्शन मंडळ’ १९९६ साली अकरा मराठी कुटुंबांनी स्थापन केलं. महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चार वाजता एका सभासदाच्या घरी उरलेली दहा कुटुंबं जमत. यजमान आपल्या सहलीची हँडीकॅमवरची टेप टीव्हीला जोडून दाखवत आणि पाहुणे बटाटेवडे खात ती पाहत. वडे यजमानांचे असल्यामुळे कुणी मध्येच उठून जात नसे. पहिल्या पाच वर्षांत मंडळानं आयफेल टॉवर चौदा वेळा पाहिला, आणि स्वित्झर्लंडमधली एक गाय नऊ वेळा (गाय तीच होती, गळ्यातल्या घंटेवरून ओळखू आली).

शेवटी मंडळाचे सचिव दत्तप्रसाद केरकर यांनी कंबर कसली. केरकर एका बांधकाम कंपनीत इस्टिमेशनला होते, त्यामुळे कुणाचीही कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य करायची नाही हा त्यांचा स्वभावच झाला होता. जानेवारी २००१ पासून मंडळात फक्त ‘अल्पपरिचित’ ठिकाणं दाखवता येतील असा त्यांनी ठराव केला. अल्पपरिचित म्हणजे जिथं आखातातलं दुसरं मराठी कुटुंब गेलेलं नाही असं ठिकाण. चौकटीत माणूस दिसला तर ते ठिकाण गजबजलेलं समजण्यात येई, मग तो माणूस यजमानांची स्वतःची बायको का असेना. विमानतळ, हॉटेलची खोली आणि फुकटचा नाश्ता हे विषय सर्वांच्या परिचयाचे असल्यानं टेपमधून वगळणं सक्तीचं होतं. ठिकाणाचं नाव सांगण्यासही बंदी होती, कारण नाव कळलं की परिचय वाढतो.

ज्याचं ठिकाण दोनदा नामंजूर झालं, तो ‘कायम प्रेक्षक’ होई. कायम प्रेक्षकाला टेप दाखवता येत नाही, मत देता येत नाही, त्याची खुर्ची मागच्या भिंतीला असते आणि वड्यांची बशी त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचते. आजवर या पदाला एकच गृहस्थ पोचले होते, भिकाजी सामंत. त्यांनी सिंगापूर दोनदा दाखवलं होतं. आता ते कशालाही मान डोलावत आणि घरी जात.

चंद्रशेखर दळवी यांच्या नावावर एक नामंजुरी लागलेली होती. दळवी मूळचे सावंतवाडीचे, जहाजांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सर्व्हिस मॅनेजर. हाताखाली तीस माणसं. त्यांची साडेतीन तासांची स्वित्झर्लंडची टेप अकराव्या मिनिटाला, त्या गाईपाशी, थांबवण्यात आली होती. “हे आम्ही पाहिलंय,” असं केरकर म्हणाले, आणि खोलीतली सगळी माणसं हसली. त्या हसण्याचं दळवींना फार वाईट वाटलं. पुढचं वर्षभर, गाडी चालवतानासुद्धा, ते एकच विचार करत होते : पुढची टेप अशी आणीन, की केरकरांची बोलती बंद होईल. आणि ती नामंजूर झाली तर आपण भिकाजींच्या शेजारी, हेही त्यांना ठाऊक होतं.

जुलै २००२ मध्ये कंपनीनं त्यांना चार दिवसांच्या ट्रेनिंगला नॉर्वेला पाठवलं. पत्नी लतिका आणि बारा वर्षांची मुलगी पर्णिका यांना त्यांनी स्वखर्चानं सोबत नेलं. ट्रेनिंगनंतर एक दिवस मोकळा होता. तिथल्या इंजिनियरनं प्रेमानं एका भव्य धबधब्याचं नाव सुचवलं. तिथं पार्किंग आहे, कॉफी मिळते, बसायला बाक आहेत, असंही सांगितलं. दळवींनी ते लगेच नाकारलं. ज्याच्या शेजारी कॉफी मिळते तो धबधबा त्यांच्या काही कामाचा नव्हता. त्यांनी नकाशावर बारीक अक्षरात छापलेले सात धबधबे निवडले आणि त्या इंजिनियरला विचारून खात्री करून घेतली, की त्यानंही ते पाहिलेले नाहीत.

दळवींचं वेळापत्रक असं होतं. प्रत्येक धबधब्याला बावीस मिनिटं. त्यात उतरायला पाच, चित्रीकरणाला अकरा, चढायला चार (परतीला माणूस घाईत असतो), आणि आनंदासाठी दोन.

“पाण्यात पाय घालायला वेळ कुठे धरलाय?” लतिकाबाईंनी विचारलं.

“ते त्या दोन मिनिटांत बसव.”

“बाबा, इट्स जस्ट वॉटर,” पर्णिका मागच्या सीटवरून म्हणाली. तिनं त्या दिवशी एवढं एकच वाक्य सात वेळा उच्चारलं.

पहिला धबधबा नियमानुसार पार पडला. नावाची लाकडी पाटी होती, ती चौकटीत येऊ नये म्हणून दळवींनी जवळून, फक्त पाणी घेतलं. लतिकाबाई आणि पर्णिका चौकटीबाहेर, तोंड बंद ठेवून उभ्या होत्या, कारण आवाजही टेपमध्ये जातो.

दुसऱ्या धबधब्याशी उतरताना झाडीतून एका बाईची हाक आली, “अवो, हळू! पाय घसरंल!”

परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणसाला भरून येतं म्हणतात. दळवींना दरदरून घाम फुटला.

खाली एक जोडपं होतं. गृहस्थांच्या डोळ्याला हँडीकॅम होता. त्यांनी तो खाली घेतला, दळवींच्या हातातला पाहिला आणि त्यांचाही चेहरा पडला. ते लियाकत मुकादम, मूळचे खेडचे, राहायला शारजाला, हमरिया फ्री झोनमध्ये स्पेअर पार्ट्सचा धंदा. सोबत पत्नी हलिमा. शारजालाही अशाच एका मंडळाचे ते सभासद होते आणि तिथले नियम याहून कडक होते (तिथं चौकटीत शेळीसुद्धा चालत नसे).

दोघंही समंजस आणि व्यवहारी. तिथल्या तिथे करार झाला. एकानं चित्रीकरण करताना दुसऱ्यानं सहकुटुंब झाडामागं उभं राहायचं, आणि आयुष्यात कधीही, कुणालाही, आपण इथं भेटलो असं सांगायचं नाही.

“तुमी आमाला बगितलं नाय, आमी तुमाला बगितलं नाय. खलास,” लियाकतभाई म्हणाले.

“खलास,” दळवी म्हणाले आणि दोघांनी हात मिळवले.

पुढचे पाच धबधबे दोन्ही गाड्यांनी एकापाठोपाठ एक, एकमेकांना अजिबात न पाहता केले. चौथ्या ठिकाणी जरा वेळ लागला. दळवींचं झाल्यावर लियाकतभाईंची बॅटरी संपली, ती बदलेपर्यंत दळवींना आणखी एक कोन सुचला, आणि ‘आधी तुम्ही’, ‘छे, तुम्ही’ यात पाऊण तास गेला. बायकांना चौकटीबाहेर बसण्याचा हुकूम होता. त्या वरच्या अंगाला, खडकाआड जाऊन बसल्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी दळवींकडे दर्शन होतं. लतिकाबाईंनी हलिमा आणि लियाकतभाईंना जेवायलाच बोलावलं होतं. नॉर्वेहून आल्यापासून दोघी रोज फोनवर बोलत होत्या. हलिमाला नको म्हणून सांगायची दळवींची छाती झाली नाही. त्यांनी पाहुण्यांची ओळख ‘आमचे स्पेअर पार्ट्सचे सप्लायर’ अशी करून दिली आणि टेप लावली.

“नॉर्वे,” ते गंभीरपणे म्हणाले. “एका दिवसात सात धबधबे. मैलोन्‌मैल चिटपाखरू नव्हतं.”

पडद्यावर पाणी पडू लागलं. पुढची सत्त्याहत्तर मिनिटं ते पडतच होतं. माणूस नाही, पाटी नाही, आकाश नाही, आवाज फक्त पाण्याचा. नियमावलीचं इतकं तंतोतंत पालन मंडळात कुणीच केलेलं नव्हतं. टेप संपल्यावर केरकरांनी बशी खाली ठेवली.

“दळवी, हे आंबोली आहे.”

दळवी टेप काढता काढता वळले.

“म्हणजे?”

“तुम्ही सावंतवाडीचे. दर जुलैला गावी जाता. हा धबधबा जुलैचा आहे, कोपऱ्यात तारीख दिसतेय. नॉर्वे कशावरून?”

“पासपोर्टवर शिक्का आहे!”

“दाखवा.”

पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता. आखातातल्या बहुतेकांचे असतात तसा तोही परत आल्याबरोबर जमा झाला होता. विमानतळाचं चित्रीकरण नियमानं वगळलेलं. बायको आणि मुलगी चौकटीत नाहीत, तेही नियमानंच. पाटी तर दळवींनी स्वतःच्या हुशारीनं टाळलेली. धबधबा इतका अल्पपरिचित होता, की तो कुठला आहे हे जगात कुणालाच सांगता येत नव्हतं.

“घरातली साक्ष धरता येत नाही,” केरकर म्हणाले आणि लियाकतभाईंकडे वळले. “तुम्ही कोकणातले ना? त्रयस्थ आहात. तुम्हीच सांगा, आंबोली आहे की नाही?”

लियाकतभाईंचा वडा हातातच राहिला. ते दळवींकडे पाहू लागले. त्या नजरेत स्पष्ट प्रश्न होता : सांगू का?

दळवींनी झरझर हिशेब केला. लियाकतभाईंनी साक्ष दिली, तर नॉर्वे सिद्ध होणार. पण त्याच क्षणी तिथं दुसरं मराठी कुटुंब गेलं होतं हेही सिद्ध होणार, म्हणजे ठिकाण परिचित, म्हणजे नामंजूर. साक्ष दिली नाही तर आंबोली, म्हणजे नामंजूर. दोन्ही वाटांनी भिकाजी सामंतांच्या शेजारची खुर्ची. फरक इतकाच, की पहिल्या वाटेनं गेलं तर माणूस निदान खरा ठरत होता. तीस माणसांचा हा साहेब अर्धं मिनिट विचार करत राहिला.

“यांना कसं माहीत असणार?” दळवी म्हणाले. “यांची माझी ओळख इथलीच.”

हलिमानं मान खाली घातली. लतिकाबाई स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच पुढे आल्या.

“चौथ्या धबधब्यावर मी आणि हलिमा पाण्यात पाय सोडून बसलो होतो,” त्या म्हणाल्या. “पाऊण तास. या दोघांचं शूटिंग चाललं होतं तेव्हा. पाणी एवढं गार, की पाय माझेच आहेत का ते कळेना. धबधबा एका जागी पडतच नव्हता. वारा आला की अख्खा बाजूला सरकायचा आणि मागचा काळा दगड दिसायचा. त्या दगडावर एक पाखरू होतं, छाती पांढरी. धारेतून आत जायचं, आपल्याला वाटायचं गेलं वाहून, की पुन्हा बाहेर, चोचीत काहीतरी घेऊन. आत घरटं असणार. हलिमाच्या सासूबाई गेल्या तेव्हा ती इथं शारजाला एकटी होती, तिला जाता आलं नव्हतं. ते पाखरू बघता बघता ती मला सगळं सांगायला लागली. मग रडली. तिथं रडलेलं ऐकूही येत नाही. मग आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.”

वडे गार होत होते, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

“आणि मग?” कुणीतरी अधीरपणे विचारलं.

विचारणारे दळवी होते.

“मग तुम्ही हाक मारलीत,” लतिकाबाई म्हणाल्या. “वेळ झाली म्हणून.”

दळवींची मान वर होईना. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त त्या पाखराची हळहळ वाटली. ते त्याच्यापासून वीस पावलांवर, अकरा मिनिटं, एक डोळा मिटून उभे होते. त्यांनी लियाकतभाईंचा हात धरला. “मला माफ करा.”

“माफी कसली, साहेब? करार तो करार,” लियाकतभाई म्हणाले. “तुमी पाळलात.”

केरकरांनी निर्णय लिहून घेतला. सदर धबधबा नॉर्वेतलाच असल्याचं मान्य करण्यात येत आहे. तथापि तो दोन कुटुंबांच्या परिचयाचा असल्यानं नामंजूर. श्री. दळवी आजपासून कायम प्रेक्षक. सौ. दळवी यांचं निवेदन टेपवर नसल्यानं ते नोंदवता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अकरापैकी आठ कुटुंबं त्या चौथ्या धबधब्यावर जाऊन आली. लतिकाबाईंकडून त्यांनी वाट नीट लिहून घेतली होती, आणि पाखरू माणूस नाही व हा धबधबा परिचित धरायचा नाही, अशा दोन दुरुस्त्या नियमात आधीच करून घेतल्या होत्या. आठही टेपांत पाखरू व्यवस्थित आलं आहे. त्याच्याशेजारी पाण्यात पाय घालून बसलेलं कुणी त्यांपैकी एकाही टेपमध्ये नाही. आठांनाही विचारलं, तर पाणी गार होतं का हे त्यांना नक्की आठवत नाही.

धबधब्याचं नाव इथं दिलेलं नाही. ते यापुढे कुठंतरी येईल म्हणून आपण वाट पाहत होता हे मंडळाला ठाऊक आहे. आपल्याला अर्ज वगैरे करावा लागणार नाही. चार हजार मैलांवरचं पाणी आणि परक्या बाईचं रडणं आपण खुर्चीतून न उठता, कोरड्या पायांनी इथवर पाहिलंत, तेवढ्यावर आपली नोंद झाली आहे. मागच्या भिंतीला जागा आहे. भिकाजी जरा सरकून घेतील.