लेखिका हजर नाही असं समजून

"आज समोरच्याला तोंडच उघडू देणार नाही!" फोनवर आईला असं बजावून वकीलबाई निघाली. वकिली शिकत नव्हती हो ती. जन्मजात वाद घालायची, म्हणून भावाने ठेवलेलं हे नाव. परक्या देशात, परक्या भाषेत तिने प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहिलं होतं. आज लेखनवर्गात त्याची तपासणी. पास झालं तर ठीक, नाहीतर अख्खं वर्ष पुन्हा!

धावत रस्ता ओलांडताना एक बस अंगावर येता येता राहिली. विद्यापीठापाशी पोचली, तर आपोआप उघडणारं दार उघडेना! हात हलवले, उड्या मारल्या. शेवटी आतून कुणीतरी बाहेर आलं, तेव्हा ती आत शिरली.

वर्ग सुरू झाला होता.

"माफ करा, उशीर झाला!"

एकाही मुंडीने वर पाहिलं नाही. नाना देशांची माणसं खाली माना घालून तिचंच प्रकरण चाळत होती.

"बिचारी लेखिका," दाढीवाला विद्यार्थी हळूच म्हणाला. "तिला काय सांगायचं होतं, कोण जाणे."

"आता विचारणार तरी कसं?" शिक्षिकाबाईंनी सुस्कारा सोडला.

"अहो, मी इथेच आहे!"

बाईंनी शांतपणे पान उलटलं.

वकीलबाई दाढीवाल्याच्या थेट तोंडासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिला. तिला ती बस आठवली. खरंच राहिली होती ना ती? तिने नाडी चाचपली; घाबरलेल्या माणसाला स्वतःची नाडी कधी सापडली आहे? आईला फोन लावला, तर तोही लागेना.

"शेवट फारच अचानक झाला," कोपऱ्यातली मुलगी म्हणाली.

"हो ना. हळहळ वाटते."

वकीलबाई खुर्चीत कोसळली आणि हमसून हमसून रडू लागली.

तेवढ्यात घंटा वाजली. सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या, आणि सगळे एकदम हसले! ती खुर्चीसकट मागे सरकली.

"चर्चा चालू असताना लिहिणारा हजर नाही असं आम्ही मानतो," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. इथे सगळ्यांना ठाऊकच असतं, म्हणून सांगायचं राहिलं. तुम्ही मात्र आमची कसोटीच पाहिलीत! हं, आता मांडा तुमची बाजू. निकाल त्यावरच."

आठवडाभर घोकलेले मुद्दे पार उडून गेले होते. वकीलबाईने बाईंचा हात घट्ट धरला.

"मी... दिसतेय ना तुम्हाला?"

"दिसताय की."

"मग माझं काहीच म्हणणं नाही!"

संध्याकाळी आईचा फोन लागला.

"आई, मी जिवंत आहे गं!"

"ते ऐकू येतंय. प्रकरणाचं काय झालं?"

"ते वारलं."