तोरीच्या पाठीवरचा मासा

वडिलांचं श्राद्ध यंदा आमच्याकडे, आणि कुणाला इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही, असं मी जाहीर करून टाकलं होतं. अहो, आमचं घर म्हणजे काय चीज आहे! कोरियातल्या अख्ख्या तेगू शहरात इतकं शहाणं घर सापडायचं नाही. माणूस आला की दिवे लागतात. दार उघडं राहिलं की आपोआप लागतं. घरात कुणी नसलं की तोरी, म्हणजे आमचा लादी पुसणारा चपटा रोबो, कोपऱ्यातून बाहेर पडतो. आणि रिकाम्या घरात काही हललं तर? दार पक्कं बंद! चोर आतच अडकला पाहिजे. ही युक्ती खास माझी.

आईला मात्र या कशाचंच कौतुक नव्हतं. ती आन्दोंगची. श्राद्धाच्या ताटातलं फळ बोटभर सरकलं तरी तिकडच्या माणसांना जेवण जात नाही. आजवर तिनेच सगळं केलं, पण आता गुडघे बोलायला लागले. "यंदा तुझ्याकडे करून बघू, दोग्यू," ती म्हणाली. "नाही जमलं, तर सेग्यूकडे देईन."

सेग्यू माझा धाकटा भाऊ. थोरला धडधाकट असताना वडिलांचं श्राद्ध धाकट्याकडे! मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्या दिवशी माझी बायको, नामही तिचं नाव, सकाळपासून तव्यासमोर होती. भोपळ्याचे, माशाचे काप पिठात आणि अंड्यात बुडवून परतत होती.

"अहो, जरा हे उलटता का?"

"मी दिव्यांची वेळ लावतोय!" मी म्हणालो. कामं काय थोडी असतात!

संध्याकाळी आई आणि सेग्यू आले. उदबत्ती लावली मात्र, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राला वाटलं आग लागली! ते असं काही घोंघावलं की समोरची मेणबत्तीच विझली.

"तुझे वडील येताहेत की वादळ?" आईने विचारलं.

मी यंत्राची वायर उपटली, मेणबत्ती पुन्हा लावली. मग वडिलांना आत येता यावं म्हणून बाहेरचं दार किलकिलं केलं. "दार उघडं आहे," घर म्हणालं आणि लावून घेतलं. मी उघडलं. घराने लावलं. मी पुन्हा उघडलं, घराने पुन्हा लावलं! शेवटी मी फटीत माझा बूट अडकवला. सेग्यू गालातल्या गालात हसत होता.

नमस्कार झाले, दारू वाहिली, भातात चमचा उभा खोचला. आता वडिलांचे नऊ घास होईपर्यंत घरच्यांनी बाजूला व्हायचं. बाकीचे लोक शेजारच्या खोलीत बसतात. पण आई म्हणाली, "बाहेर म्हणजे बाहेर! माणूस जेवताना भिंतीआडून कान लावू नयेत." म्हणून आम्ही नुसत्या मोज्यांवर बाहेरच्या पॅसेजमध्ये आलो. आई सगळ्यांच्या मागून आली. श्राद्धाच्या दारात बूट पाहून तिने तो उचलला आणि नीट आत ठेवला.

खट्!

"काळजी नको," मी म्हणालो, "माझा चेहरा बघून उघडतं."

तेवढ्यात आत घुर्रर्र सुरू झालं. घर रिकामं झालं होतं ना, तोरी कामाला लागला! मग टेबलाला काहीतरी धडकलं आणि आत काहीतरी पडलं. घर गोड आवाजात म्हणालं, "घरात अनोळखी व्यक्ती आहे. दार पक्कं बंद केलं आहे."

 मी कॅमेऱ्यात तोंड खुपसलं. "अरे, मी आहे, मी!" घर ढिम्म. फोन आत. आणि आई? ती दाराला कान लावून उभी होती. तिचे डोळे भरले होते.

"आला," ती म्हणाली.

"आई, ते..."

"गप! इतकी वर्षं करतेय, कधी चाहूल लागली नाही. आणि बघ, आतून कडी! जिवंतपणीही दोन पेले जास्त झाले की मला असाच बाहेर ठेवायचा."

घराने परस्पर बोलावलेले पहारेकरी बांगकाका धापा टाकत आले. "आत कोण आहे?"

"माझा नवरा," आई म्हणाली.

"मग त्यांना दार उघडायला सांगा ना, आजी!"

"सांगितलं असतं हो. पण ते वारलेत."

बांगकाका दोन पावलं मागे गेले, ते थेट मीटरपाशी. त्यांनी आमची वीजच तोडली, तसं दार सुटलं. मी सगळ्यांच्या आधी आत घुसलो. मेणबत्तीच्या उजेडात पाहतो तर तोरी ताटातला वाळवलेला मासा पाठीवर घेऊन वडिलांच्या फोटोपुढे गरागरा फिरत होता! माशामुळे घराने त्याला ओळखलंच नव्हतं. मी दोघांनाही पायाने सोफ्याखाली ढकललं.

दिवे आले. आम्ही प्रसादाला बसलो.

"सेग्यू, ऐक," आई म्हणाली. "तुझ्या वडिलांना हे घर आवडलंय. श्राद्ध इथेच."

"बघितलंस? सगळं आपोआप!" मी म्हणालो.

घुर्रर्र. अर्धी राहिलेली लादी पुरी करायला सोफ्याखालून मासा निघाला. तो सावकाश आईच्या गुडघ्यापाशी येऊन थांबला.

 आईने माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तो आलाच नव्हता," ती अगदी हळू म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि येईल तरी कसा? दार बंद होतं!"

ती गुडघे धरत उठली. तिने बाहेरचं दार सताड उघडलं आणि माझा बूट स्वतःच्या हाताने दाराखाली ठोकून बसवला. "चला बाहेर. आता जेवू दे त्याला."

आम्ही पुन्हा मोज्यांवर पॅसेजमध्ये. 

"आई," मी विचारलं, "पुढच्या वर्षी सेग्यूकडे का?"

"इथेच. नामही दिवसभर राबली, त्या चपट्यानेही लादी पुसली. तू काय केलंस?"

"दिव्यांची वेळ..."

"पुढच्या वर्षी काप तू परतायचे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तव्यापाशी सराव करतोय. निम्मे काप उलटताना फुटतात, खाली पडलेले तोरी उचलतो. आणि मी कालथा हातात घेतला रे घेतला की घर गोड आवाजात म्हणतं, "स्वयंपाकघरात अनोळखी व्यक्ती आहे!"