तारमुक्त भिंत

टीव्ही भिंतीवर चढला आणि त्याच्या पोटातून काळ्या तारा खाली लोंबू लागल्या. घरात कोणालाच त्याचे काही वाटले नाही, मला मात्र वाटले. लाजऱ्या स्वभावानुसार मी तिकडे पाहणे टाळू लागलो, पण पाहुणे टाळत नसत. माणसाच्या मनातला गुंता बाहेरून दिसत नाही, हे केवढे सुख आहे. तेच सुख भिंतीलाही लाभावे, या व्यापक हेतूने मी घरात तारमुक्तीचे धोरण जाहीर केले.

सुताराने टीव्हीमागे लाकडी पॅनल ठोकले. तारा, केबलचा डबा, प्लग, सगळे आत गेले. भिंत संध्याकाळच्या तळ्यासारखी निश्चल झाली. मी तिच्याकडे भारावून पाहत असताना आईने विचारले, "बाबांचं मशीन आता कुठे लावू?"

बाबांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी असते. ते यंत्र ज्या प्लगवर चाले, तो पॅनलने गिळला होता. सुतार भोक पाडून द्यायला तयार होता. पण भोकातून वायर बाहेर येणार, म्हणजे धोरणाचा सरळ भंग. सबब बाबांचे आतल्या खोलीत तात्पुरत्या स्वरूपाचे स्थलांतर करण्यात आले. त्यांनी हरकत नोंदवली नाही. बातम्या तेवढ्या दिसाव्यात, इतकेच म्हणाले.

धाकट्या बहिणीने तोडगा काढला. मधल्या बोळात आरसा टांगला. पलंगावरून त्यात टीव्ही दिसे, अर्थात उलटा. मी ओशाळून चौकशी केली, तर बाबा म्हणाले, "असू दे रे. बातम्या उलट्या बघितल्या की जरा पटतात तरी."

मात्र आरसा दोन्ही बाजूंनी काम करतो, ही बाब नियोजनातून सुटली होती. सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना त्यात बाबा दिसू लागले, नळीसकट. एकदा बाबांनी आरशातून ओळखीचा हात केला, तेव्हा पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला.

"दादा, आता काय बाबांनाही पॅनल लावतोस?" बहिणीने विचारले.

मी मनापासून दुखावलो. पॅनल नव्हे, मी पडदा लावला. रंग मात्र बाबांच्या आवडीचा, आकाशी, निवडला. तो शोधताना बाजारात माझे डोळेही भरून आले.

हल्ली बाबा बातम्या ऐकतात. बेल वाजली की आतून विचारतात, "कोण आलंय?" आपण आमच्याकडे आला होतात, तेव्हाही त्यांनी विचारले होते. आपण भिंतीवरून हात फिरवत होतात. मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. निघताना आपण सुताराचा नंबर घेतलात.

परवा आपल्याकडे येऊन गेलो. आपली भिंतही काय निर्मळ झाली आहे. आपल्या आई मात्र नेहमीच्या खुर्चीत दिसल्या नाहीत. विचारणार होतो, पण ते बरे दिसले नसते.